धूरनळीतील साक्षीदार

मोटारीच्या दर्शक-फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये ‘ऑक्सिजन सेन्सर गेला’ असे निदान होते आणि मालक तो महागडा भाग निमूटपणे बदलून घेतो. आठवड्याभरात दिवा पुन्हा लागतो. पुष्कळदा असे घडते, कारण धुरातील दोषाची वर्दी देणाऱ्यालाच दोषी ठरविले जाते. या संवेदकाचे कार्य नीट समजले, तर खर्चात पडण्यापूर्वी घरच्या घरी बरीच चिकित्सा करता येते.

पेट्रोलच्या एका भागाचे पूर्ण ज्वलन होण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण ढळले, की कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींचा बंदोबस्त एकाच वेळी करणे धूरनळीतील उत्प्रेरकास शक्य होत नाही. म्हणून प्रमाणावर सतत पहारा ठेवणे आवश्यक ठरले. जर्मनीतील बॉश कंपनीने विकसित केलेला संवेदक १९७६ मध्ये स्वीडनच्या व्होल्व्हो मोटारींत प्रथम वापरात आला. त्याच्या टोकाशी शिंप्याच्या अंगुस्तानासारखी झिर्कोनियाची टोपी असते. तिच्या दोन्ही अंगांवर प्लॅटिनमचा अतिशय पातळ थर असतो. टोपीच्या आत स्वच्छ हवा, बाहेर धूर. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावर झिर्कोनिया ऑक्सिजनच्या आयनांना वाट देऊ लागते आणि आतबाहेरच्या ऑक्सिजनमधील तफावतीनुसार विद्युत्दाब निर्माण होतो. पेट्रोल अधिक झाले, तर तो ०.९ व्होल्टच्या आसपास जातो. हवा अधिक झाली, तर ०.१ पर्यंत उतरतो. ही खूण पाहून इंजिनाचा संगणक पेट्रोलची मात्रा कमीजास्त करतो. टोपी लवकर तापावी म्हणून आत विजेची लहानशी शेगडी बसविलेली असते. शिसे हा या प्लॅटिनमचा हाडवैरी. भारतात २००० साली सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले, त्यामागे हेही एक कारण होते.

दिवा लुकलुकत असेल, तर प्रथम वेग कमी करावा. एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकत असून कच्चे पेट्रोल उत्प्रेरकापर्यंत पोहोचत आहे व त्याला भाजून काढीत आहे, असा त्याचा अर्थ. दिवा स्थिर असेल, तर तपासणीस सवड असते. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना एकाच पद्धतीची तपासणी-जोडणी सक्तीची झाली. पुढे इतर देशांतही ती रूढ झाली. सुकाणू-चक्राखालच्या या सोळा टोचांच्या जोडणीत लहानसे वाचनयंत्र लावले, की दोषाचा संकेतांक कळतो.

मात्र संकेतांक म्हणजे निकाल नव्हे. ‘पी०१३५’ हा शेगडीच्या विद्युत्‌मंडलातील दोष दाखवितो. येथे प्रथम फ्यूज पाहावा, तापलेल्या नळीला टेकून वितळलेली तार शोधावी, मग मल्टिमीटरने शेगडीचा रोध मोजावा. तो काही ओहम इतकाच असतो. अखंड मंडल सापडलेच नाही, तर संवेदक खरोखर निकामी झाला. ‘पी०१७१’ मात्र मिश्रणात हवा अधिक असल्याचे सांगतो, आणि तेथे संवेदक बहुधा खरेच बोलत असतो. इंजिनाकडे जाणारी रबरी नळी चिरलेली असते किंवा संवेदकाच्या अलीकडेच धूरनळीचा सांधा फुटलेला असतो. धूर धक्क्याधक्क्याने वाहतो. दोन धक्क्यांच्या मध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. संवेदक तिची वर्दी देतो आणि संगणक विनाकारण पेट्रोल वाढवितो. सांध्यावरील काजळीचा डाग व थंड इंजिन सुरू करताना येणारी टिकटिक या दोन खुणा पुरेशा असतात. ‘पी०४२०’ हा उत्प्रेरकाविषयीचा आहे. मागील संवेदक बदलून तो क्वचितच जातो. ही सारी तपासणी मोकळ्या जागेत करावी. बंद खोलीत चालू ठेवलेल्या इंजिनातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध पडतो तो कळण्यापूर्वीच.

संवेदक काढायचाच झाला, तर नळी कोमट असताना आट्यांवर गंज सोडविणारे तेल टाकून थोडा वेळ थांबावे. बहुतेकांना २२ मिलिमीटरचा, तारेसाठी खाच असलेला पाना लागतो. नव्या संवेदकाच्या टोकाला तेल, ग्रीस किंवा सिलिकॉनचा लेप लागू देऊ नये. संकेतांक नुसता पुसला किंवा बॅटरीची तार काढून दिवा विझविला, तर संगणकाची स्मृती तेवढी कोरी होते. दोष असेल, तर काही फेऱ्यांनंतर दिवा पुन्हा लागतो.

काढलेला संवेदक टाकून देण्यापूर्वी त्याचे टोक उजेडात पाहावे. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल अधिक जात आहे. तेलकट काळेपणा असेल, तर इंजिन तेल जाळीत आहे. पांढरी पूड असेल, तर सिलिकॉन किंवा इंजिन थंड ठेवणारे द्रव धुरात मिसळले आहे. तो दोष आधी दूर केला नाही, तर नव्या संवेदकाचे टोकही तसेच होईल.