प्रवेश कॉलेजात, मुक्काम खोलीवर

धाराशिव जिल्ह्यातला विद्यार्थी बारावीनंतर कॉलेज बदलतो तेव्हा बहुतेक वेळा घरही सुटते. दारूशी पहिली गाठ पडते ती वर्गात नव्हे, राहत्या खोलीवर. म्हणून कुठे शिकायचे या प्रश्नात कुठे आणि कोणाबरोबर राहायचे, हाही प्रश्न धरायला हवा. प्रवेशाच्या धावपळीत नेमका तोच मागे पडतो.

जिल्ह्यात पर्याय आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिवला आहे, तुळजापूरला अभियांत्रिकी महाविद्यालय आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. 2022 पासून धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही चालते. तरीही मोठा ओघ लातूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर आणि पुण्याकडेच असतो.

पुण्यात वसतिगृहात जागा न मिळालेला मुलगा कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या खोलीत एका खाटेपुरता, राहतो. जेवण मेसचे, दार उघडायला वॉर्डन नाही, रात्री कधी परतला हे विचारणारे कोणी नाही. वाढदिवस, निकाल, थर्टी फर्स्ट अशा निमित्तांनी दारूसाठी कॉन्ट्री, म्हणजे वर्गणी, काढली जाते. नवख्या मुलाला पिण्याची ओढ असतेच असे नाही. गटातून बाजूला पडण्याची धास्ती मात्र मोठी असते. गावाकडून आलेल्या, भाषेने आणि कपड्यांनी आधीच बुजलेल्या मुलाला ‘नको’ म्हणणे सगळ्यांत जड जाते. पुढे मेसचे पैसे तिकडे वळतात, सकाळची तासिका बुडते, आणि घरी काही कळेपर्यंत वर्ष वाया गेलेले असते. अभ्यासू, न पिणारे दोन सोबती मिळाले, तर त्याच शहरात तोच मुलगा वेगळा घडतो.

कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची 21 वर्षे, इतर मद्यासाठी 25 वर्षे पूर्ण लागतात, शिवाय परवानाही लागतो. म्हणजे पदवीच्या वर्गातल्या बहुसंख्य मुलांचे पिणे बेकायदेशीरच ठरते. ज्युनिअरला बळजबरीने पाजणे हे रॅगिंग आहे. राज्याच्या 1999 च्या कायद्यानुसार त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि काढून टाकलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. कायद्याचा धाक कॉलेजच्या आवारात जाणवतो. भाड्याच्या खोलीवर तो क्वचितच पोहोचतो.

त्यामुळे प्रवेशाआधी पालकांनी एकदा तरी प्रत्यक्ष जाऊन यावे. वसतिगृहाची जागा पक्की आहे का, वॉर्डन आवारातच राहतो का, रॅगिंगविरोधी समितीत कोण आहेत, हे विचारावे. आपल्या तालुक्यातली मुले तिथे शिकत असतील तर त्यांच्याशी बोलावे. माहितीपत्रकात नसलेले तेच सांगतात. खोलीच घ्यावी लागली, तर सोबती आधी भेटून ठरवावेत.

सवय लागलीच तर लपवू नये. पुण्यातले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करते. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आणि रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 1800-180-5522 या दोन्ही मोफत आहेत.