खसखस पकडते, एमडी सोडते

येरवड्यातून पॅरोलवर किंवा फर्लोवर, म्हणजे अभिवचन किंवा संचित रजेवर आलेल्या कैद्यावरची देखरेख आजही मुख्यतः जामीनदार, राहण्याचा पत्ता आणि पोलिस ठाण्यातली हजेरी यांवर चालते. मूळ नियम १९५९चे. सही करणारा शुद्धीत आहे की नशेत, हे हजेरीच्या वहीला कळत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात देखरेखीवर सुटलेल्याची अमली पदार्थांसाठीची पहिली चाचणी १५ दिवसांत होते, नंतर किमान दोनदा. आपणही लघवीची पट्टी का वापरू नये, असं कुणालाही वाटेल.

पण ही पट्टी फसवी आहे. कोविडच्या किटवर दुसरी रेघ उमटली की धडकी भरायची. इथे सगळं उलटं. रेघेच्या जागी अमली पदार्थाचा अंश आधीच चिकटवलेला असतो. लघवीबरोबर रंगीत प्रतिपिंडं पट्टीवरून सरकत येतात आणि तिथे अडकली की रेघ दिसते. लघवीतच तो पदार्थ असेल, तर प्रतिपिंडं वाटेतच त्याला धरून बसतात आणि रेघ उमटत नाही. म्हणजे कोरी जागा हा संशय.

आता दिवाळीला घरी आलेल्या कैद्याने खसखशीची खीर वाटीभर ओरपली, तर? खसखस अफूच्याच बोंडातली. दाण्यांवर चिकाचा अंश राहतो, त्यात मॉर्फिन असतं. याच कटकटीपायी अमेरिकेने १९९८मध्ये सरकारी नोकरदारांच्या चाचणीतली मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून थेट २,०००वर नेली. गांजाची तऱ्हा निराळी. त्याचा अंश चरबीत मुरतो, त्यामुळे रोज ओढणाऱ्याने सोडल्यावरही कित्येक आठवडे पट्टी बोट दाखवत राहते. नशा जुनी की रजेतली, हे तिला सांगता येत नाही.

आणि पुण्याची खरी डोकेदुखी, एमडी म्हणजे मेफेड्रॉन? फेब्रुवारी २०२४मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यातून पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रॉन पकडलं. ॲम्फेटामाइनसाठी बनवलेल्या नेहमीच्या पट्टीला मात्र ते बरेचदा ओळखूच येत नाही. दोघांची रचना जवळची, पण प्रतिपिंडं एवढ्या फरकानेही चुकतात. खात्री करायची तर गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री लागते. त्यात रेणू वेगळे होतात, फुटतात आणि तुकड्यांच्या वजनावरून ओळखले जातात. हे काम गणेशखिंडच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणचं, ठाण्यातल्या टेबलावरचं नव्हे.

तरी यंत्रापेक्षा मला बाटलीचीच काळजी जास्त वाटते. मे २०२४च्या कल्याणीनगर अपघातात ससून रुग्णालयात चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलला गेल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. डीएनएने तफावत दाखवली म्हणून ते उघड झालं. लघवी बदलणं तर त्याहून सोपं. म्हणून चांगल्या पद्धतीत नमुना हाती येताच चार मिनिटांत तापमान पाहतात. ते ३२ ते ३८ अंशांत हवं. पाणी मिसळलंय का, हे क्रिएटिनिनवरून कळतं. दोन बाटल्या कैद्यासमोर सीलबंद होतात आणि त्यातली एक फेरतपासणीसाठी राखून ठेवली जाते. एवढी शिस्त नसेल, तर निव्वळ पट्टीच्या भरवशावर कुणाची रजा रद्द करू नये.