पोशाखाचा पारखी आंद्रे लिऑन टॅली

वर्तमानपत्राचा संपादक काय करतो हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. काय छापायचे आणि काय वगळायचे, ते तो ठरवतो. पण पोशाखाचाही संपादक असतो असे कोणी सांगितले, तर तुम्ही म्हणाल, "अहो, कपड्यांत संपादन करण्यासारखे काय आहे? ज्याला जे परवडते ते तो अंगावर घालतो!" आज अशाच एका संपादकाची आपण ओळख करून घेऊ. त्यांचे नाव आंद्रे लिऑन टॅली. अमेरिकेतील 'व्होग' या पोशाखविषयक मासिकात त्यांनी मोठमोठी पदे भूषविली.

आधी हे काम कसे चालते ते पाहू. पॅरिस, मिलान, लंडन, न्यूयॉर्क या शहरांत नव्या कपड्यांची मोठी प्रदर्शने वर्षातून दोनदा तरी भरतात. कल्पक शिंपी आपले पोशाख मुलींच्या अंगावर घालून लोकांपुढे मांडतात. संपादक पहिल्या रांगेत बसतो. डोळ्यांपुढून शेकडो पोशाख जातात, त्यांतले थोडे तो निवडतो, त्यांची छायाचित्रे काढवून घेतो आणि त्यांवर लिहितो. मासिकात छापून आले की दुकानदार त्या मालाची मागणी करतात. आले नाही तर चांगला कारागीरही अंधारात राहतो. म्हणून संपादकाची नजर पक्की लागते. कापड उभे कापले आहे की उरेब, बाही कोणत्या काळातल्या चित्रावरून घेतली आहे, हे त्याला पाहताक्षणी कळावे लागते.

टॅली पहिल्या रांगेत बसले की लोक पोशाखांऐवजी त्यांच्याकडेच पाहत. उंची साडेसहा फूट. तरुणपणी बेतशुद्ध सूट, हॅट आणि हातमोजे. पुढे वजन वाढले, सूट अंगाला बसेनासे झाले, तेव्हा त्यांनी अंग लपवले नाही. ते पायघोळ कफ्तान आणि खांद्यांवरून जमिनीपर्यंत उतरणारे भरजरी झगे घालू लागले. चालू लागले की एखादा सरदार दरबारात शिरतो आहे असे वाटे. कोणाला वाटेल, हा गर्भश्रीमंताचा थाट! पण गोष्ट अगदी उलटी आहे.

टॅली यांचा जन्म 1948 साली वॉशिंग्टन शहरात झाला. ते वाढले नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम गावी, आजीजवळ. अमेरिकेच्या त्या दक्षिण भागात तेव्हा काळ्या लोकांच्या शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, कायदाच तसा होता. आजीचे नाव बेनी फ्रान्सिस डेव्हिस. त्याच गावातल्या ड्यूक विद्यापीठाच्या वसतिगृहात ती झाडलोट आणि साफसफाई करी. ज्या विद्यापीठात तिच्या जातीच्या मुलांना 1960 नंतरच्या वर्षांपर्यंत प्रवेश नव्हता, तिथल्या मुलांच्या खोल्या ती लखलखीत ठेवी. आणि स्वतःचे घर? तेही तसेच. चादरी परीटघडीच्या, प्रत्येक वस्तू जागच्या जागी. रविवारी प्रार्थनामंदिरात जाताना आजी आणि तिच्या शेजारणी उत्तम पोशाख, हॅट आणि हातमोजे घालून निघत. आठवडाभर दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या त्या बायका त्या दिवशी कोणाच्या मोलकरणी नसत. कपडा माणसाला ताठ मानेने चालवतो, हे टॅली इथे शिकले. ऐश्वर्य म्हणजे काय, असे विचारले की ते आजीच्या त्या स्वच्छ घराकडे बोट दाखवीत.

दुसरी शाळा म्हणजे गावचे सार्वजनिक ग्रंथालय. तिथे नऊ-दहा वर्षांच्या या मुलाला 'व्होग' सापडले, आणि एक निराळेच जग त्याच्यापुढे उघडले. पुढे ते मासिक विकत घ्यायला तो गोऱ्यांच्या वस्तीत पायी जाई. एकदा विद्यापीठाच्या आवारापाशी गोऱ्या विद्यार्थ्यांनी त्याच्यावर दगड फेकले. मुलगा मासिक आणायला जायचा मात्र थांबला नाही.

शिक्षक मंडळींनी पुढचा भाग अवश्य ध्यानात घ्यावा. या मुलाला फ्रेंच भाषेची गोडी लागली. फ्रेंचचा मास्तर व्हावे, एवढाच त्याचा बेत होता! 1970 साली गावच्याच कॉलेजातून तो फ्रेंच घेऊन पदवीधर झाला आणि शिष्यवृत्ती मिळवून ब्राउन विद्यापीठात एम्. ए. ला गेला. तिथे त्याने बोदलेअर या फ्रेंच कवीवर कृष्णवर्णी स्त्रियांचा काय प्रभाव पडला, यावर प्रबंध लिहिला. हे शिक्षण वाया गेले नाही. पॅरिसमध्ये वार्ताहर म्हणून गेल्यावर तिथल्या शिंप्यांशी तो त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच कवींचे आणि चित्रकारांचे दाखले देत बोलू शकला.

1974 साली टॅली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्ये बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाले. तिथे डायना व्रीलंड ही 'व्होग'ची माजी संपादिका जुन्या चित्रपटांतील पोशाखांचे प्रदर्शन मांडत होती. तिने या नवख्यापुढे एक खोके ठेवले. त्यात धातूच्या सुट्या चकत्यांचा ढीग होता. तो लाना टर्नर या नटीचा पोशाख होता म्हणे! टॅलींनी चकतीला चकती जोडत तो पोशाख पुतळ्यावर उभा केला. बाई खूष झाल्या आणि पुढे त्याच त्यांच्या गुरू झाल्या. त्यानंतर अँडी वॉरहॉल या चित्रकाराच्या मासिकात टेलिफोन घेण्याचे काम, मग पॅरिस. 1983 साली ते 'व्होग'मध्ये आले आणि 1988 साली तिथले कलाविषयक प्रमुख झाले. एवढ्या वर पोचलेला काळा माणूस त्या धंद्यात तोवर नव्हता.

अधिकार हाती आल्यावर त्याचा उपयोग काय केला? 1994 साली जॉन गॅलियानो हा गुणी शिंपी कफल्लक झाला होता. टॅलींनी धावपळ करून त्याला पैशाची मदत आणि पॅरिसमधला एक रिकामा वाडा मिळवून दिला. गॅलियानोने बहुतेक काळ्या कापडातूनच थोडके पोशाख शिवून तिथे दाखवले, आणि त्याचे नाव जगभर झाले. 1996 साली टॅलींनी एका मासिकासाठी छायाचित्रांची मालिका रचली. 'गॉन विथ द विंड' या चित्रपटात गोरी मालकीण आणि काळे नोकर आहेत. टॅलींनी मालकीण केली नाओमी कॅम्बेल या काळ्या तरुणीला, आणि नोकरांच्या वेषात उभे केले नामवंत गोऱ्या कारागिरांना! भाषण न करता त्यांनी जे सांगायचे ते सांगितले.

पण या थाटाची किंमत होती. 1994 साली 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकात त्यांच्यावर लेख आला, त्याचे शीर्षकच 'एकटाच' अशा अर्थाचे होते. पहिल्या रांगेत त्यांच्यासारखा दुसरा कोणी नसे. पॅरिसमध्ये पाठीमागे कोणी त्यांना वानराच्या नावाने हिणवीत. तेव्हा त्यांनी ते गिळले. उघड लिहिले ते 2020 च्या आत्मचरित्रात, वयाची सत्तरी उलटल्यावर. ते भरजरी झगे केवळ हौसेचे होते की चिलखतही होते, याचा विचार तुम्हीच करा.

2013 साली त्यांनी 'व्होग' सोडले. 18 जानेवारी 2022 रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ते निवर्तले. पुढच्या वर्षी त्यांचे झगे, कफ्तान, प्रवासाच्या पेट्या यांचा जाहीर लिलाव झाला. ते पैसे दोन प्रार्थनामंदिरांना द्यायचे ठरले होते. एक न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतले आणि दुसरे डरहॅमचे, जिथे रविवारी आजीच्या शेजारणी हातमोजे घालून निघत.