तिला नाटकी म्हणाले, तो आजार

अंगात रक्त कमी असण्यावर आपली चर्चा झाली, त्या दिवशी कार्यक्रम संपता संपता एक फोन आला होता. वेळ झाल्यामुळे तो घेता आला नाही, पण नंतर आम्ही दोघीजणी त्या बाईंशी अर्धा तास बोललो. त्या म्हणाल्या, "ताई, माझ्या धाकट्या जावेला शहरातल्या दवाखान्यात एमएस सांगितलंय. घरात सगळे म्हणतात लकवाच आहे, डॉक्टर नुसतं नाव बदलून सांगतात. खरं काय ते तुम्ही सांगा."

आम्हालाही तेव्हा धड सांगता आलं नाही. मग आम्ही वाचलं, मेंदूच्या डॉक्टरांना भेटून विचारलं, आणि त्या जावेच्या घरीही जाऊन आलो. ती म्हणाली, माझं नाव घेऊ नका, बाकी सगळं सांगा.

तीन वर्षांपूर्वी, सव्विसाव्या वर्षी, तिचा डावा डोळा धुरकट झाला. डोळा फिरवला की आत दुखायचं, लाल रंग फिका दिसायचा. महिन्या-दीड महिन्यात आपोआप बरं वाटलं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पुढच्या वर्षी कांदालागणीच्या दिवसांत पायांना मुंग्या आल्या, त्या चढत चढत कमरेपर्यंत गेल्या. चपला पायातून निसटायच्या आणि तिला कळायचंही नाही. तेही काही आठवड्यांनी उतरलं. आता बघा, आज चालता येत नाही आणि महिन्यानं येतं, यावर लोक काय म्हणणार? "काम आलं की हिचे पाय जातात." सासरी नाटकी म्हणाले, माहेरी बाहेरचं काही असेल म्हणून उतारे काढले. तिसऱ्या वेळी लघवीवरचा ताबा गेला, तेव्हा कुठे एमआरआय झाला. आजाराला नाव मिळायला तीन वर्षं लागली.

मल्टिपल स्क्लेरोसिस या इंग्रजी नावाचा अर्थ अनेक ठिकाणी पडलेले कडक व्रण. हे व्रण मेंदूत, मणक्यातल्या मज्जारज्जूत आणि डोळ्यांच्या नसांवर पडतात. पॅरिसमध्ये साल्पेत्रिएर नावाचा प्रचंड मोठा दवाखाना आहे. एकेकाळी गोरगरीब, निराधार बायकांना तिथं ठेवत. तिथल्याच बायकांना वर्षानुवर्षं तपासून, आणि त्या गेल्यावर त्यांचा मेंदू पाहून, शार्को या डॉक्टरांनी १८६८ साली हा वेगळा आजार आहे असं मांडलं. त्या बायकांची नावं मात्र कुणाला ठाऊक नाहीत.

आपल्या मोटरपंपाची केबल डोळ्यांसमोर आणा. आत तांब्याची तार आणि वरून रबराचं वेष्टण. वेष्टण उंदरानं कुरतडलं तर मोटर कधी चालते, कधी अडखळते, कधी बंदच पडते. आपल्या नसांवरही असंच वेष्टण असतं. ते चरबीचं असतं आणि त्याला मायलिन म्हणतात. एमएसमध्ये ते ठिकठिकाणी कुरतडलं जातं. डोळ्याच्या नसेवर कुरतडलं तर नजर धुरकट होते, मज्जारज्जूत कुरतडलं तर पाय बधिर होतात. शरीर थोडीफार डागडुजी करतं, म्हणून माणूस बरा झाल्यासारखा वाटतो. पण दर वेळी डागडुजी पुरी होत नाही, आणि आतली तारही हळूहळू तुटायला लागते.

कुरतडणारा उंदीर मात्र बाहेरचा नाही. रोगजंतूंशी लढणाऱ्या आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी मेंदूत शिरून हे करतात. त्यामुळे तिथं सूज येते, आग होते. गुडघा सुजला तर दिसतो तरी. ही सूज कवटीच्या आत असते, बाहेरून बाई धडधाकट दिसते. नाटकी म्हणायला लोकांना फावतं ते यामुळेच.

राखणदार घरच्यांवर का उलटतो, हा प्रश्न दीडशे वर्षं अडून होता. त्यातली एक मोठी गाठ २०२२ च्या जानेवारीत सुटली. अमेरिकेच्या सैन्यात दर दोन वर्षांनी सैनिकांचं रक्त एचआयव्हीसाठी तपासत आणि उरलेलं रक्त गोठवून ठेवत. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी वीस वर्षांतल्या एक कोटीहून जास्त सैनिकांच्या नोंदी पाहिल्या. त्यांतल्या ९५५ जणांना नोकरीत असताना एमएस झाला होता. आजार होण्याआधीचं पुरेसं रक्त त्यांतल्या ८०१ जणांचं मिळालं. हे रक्त कोणत्या विषाणूंना आधी भेटलंय, याचा त्यांनी शोध घेतला.

त्यात एप्स्टीन-बार नावाचा विषाणू सापडला. १९६४ साली लंडनच्या प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला, आणि नावातलं 'बार' हे इव्हॉन बार या बाईंचं आडनाव आहे, हे जाता जाता सांगून टाकतो. या ८०१ पैकी ३५ जणांच्या पहिल्या नमुन्यात हा विषाणू नव्हता. एमएस होण्याआधी त्यांतल्या ३४ जणांना तो लागला. हिशेब केला तेव्हा या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो असं निघालं. दुसऱ्या विषाणूंनी असं काही वाढलेलं दिसलं नाही. नस तुटली की तिचा चुरा रक्तात उतरतो, तोही या लागणीनंतरच वाढलेला दिसला. म्हणजे आधी विषाणू, मग नसांची पडझड.

त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पुढचा धागा दाखवला. या विषाणूतल्या एका प्रथिनाचा तुकडा आणि आपल्या मेंदूतल्या एका प्रथिनाचा तुकडा दिसायला जवळजवळ सारखे आहेत. चोराच्या अंगावर जो सदरा होता तसाच सदरा घरातल्या पोरानं घातला आणि कुत्रं त्यालाच चावलं, असा हा प्रकार आहे.

हे सांगितल्यावर आमच्याच गटातल्या एकीनं घाबरून विचारलं, "म्हणजे हा लागट रोग आहे? तिच्या ताटात जेवायचं नाही?" नाही हो! एमएस लागट नाही. एप्स्टीन-बार विषाणू तर जगातल्या शंभरातल्या ९५ मोठ्या माणसांच्या अंगात असतोच, तुमच्या-आमच्याही असेल. बहुतेकांना तो लहानपणी लागतो आणि कळतही नाही. त्यांतल्या फार थोड्यांना एमएस होतो. त्यासाठी घराण्यातून आलेला कल, बिडी-सिगारेट, ड जीवनसत्त्व कमी असणं, अशा आणखी गोष्टी जुळून याव्या लागतात. जगात सुमारे २९ लाख लोकांना हा आजार आहे आणि त्यांत बायका पुरुषांच्या दुपटीहून जास्त आहेत. थंड, युरोपाकडच्या देशांत त्याचं प्रमाण मोठं, आपल्याकडे कमी. मात्र मुंबईच्या पारशी समाजात १९८०च्या दशकात पाहणी झाली, तेव्हा लाखात वीसहून जास्त जणांना तो आढळला होता. आपल्याकडे नाहीच म्हणून हात झटकता येत नाहीत, ते एवढ्यासाठी.

या फोनवाल्या ताईंचा दुसरा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटला. "झटका येत नाही तेव्हा आजार झोपलेला असतो ना?" पूर्वी डॉक्टरांनाही बरंचसं तसंच वाटायचं. आता कळलंय की झटका नसतानाही आत काहीतरी चालू असतं. रात्री चूल विझलेली दिसते, पण सकाळी राख बाजूला केली की विस्तव असतोच. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. एरवी त्यांचं काम झाडलोटीचं, कचरा उचलण्याचं. एमएसमध्ये त्या चिडतात आणि वर्षानुवर्षं चिडलेल्याच राहतात. त्यामुळे काहींचं चालणं झटक्याशिवायही हळूहळू मंदावत जातं. झटके थांबवणारी औषधं बाहेरून मेंदूत शिरणाऱ्या पेशींना अडवतात, आतल्या विस्तवाला ती फारशी पोचत नाहीत.

त्यासाठी टोलेब्रुटिनिब नावाच्या मेंदूत पोचणाऱ्या गोळीची चाचणी झाली आणि २०२५ साली तिचे आकडे छापून आले. झटके थांबलेत पण त्रास वाढत चाललाय, अशा १,१३१ जणांवर ती झाली. खोटी गोळी घेणाऱ्यांत शंभरातल्या सुमारे ३१ जणांचं अपंगत्व वाढलं, खरी गोळी घेणाऱ्यांत सुमारे २३ जणांचं. फरक आहे, पण चमत्कार नाही. शिवाय काहींच्या लिव्हरला गंभीर इजा झाली. कुणी तुम्हाला "नवी गोळी आलीय, एमएस मुळासकट जातो" म्हणून पैसे मागितले तर हे आकडे आठवा. मुळासकट घालवणारं औषध आज जगात कुठंच नाही.

लवकर सुरू केलं तर झटके बरेच कमी करणारी औषधं मात्र आहेत. झटका आला की तीन ते पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड देतात, त्यानं सूज लवकर उतरते. पुढचे झटके टाळायला वेगळं औषध लागतं, आणि घोडं इथंच अडतं, कारण बरीचशी औषधं आपल्या आवाक्याबाहेरची आहेत. त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे रिटुक्सिमॅब. हे मुळात कॅन्सरचं औषध, २००७ पासून त्याची स्वस्त आवृत्ती भारतातही बनते. स्वीडनमध्ये ते एमएसच्या एका गोळीशी ताडून पाहिलं. दोन वर्षांत गोळीवाल्यांतल्या शंभरातल्या १६ जणांना झटका आला, रिटुक्सिमॅबवाल्यांतल्या तिघांना. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं एमएससाठी ते आवश्यक औषधांच्या यादीत घातलं. आपल्या या मैत्रिणीलाही तेच चालू आहे, साधारण सहा महिन्यांनी एकदा. त्याआधी टीबी आणि काविळीची तपासणी करून घेतात, कारण हे औषध राखणदारांनाच कमी करतं. घेतल्यावर ताप, खोकला अंगावर काढायचा नाही.

एक गोष्ट डॉक्टरांनी आम्हाला दोनदा बजावली. मुंग्या आल्या, डोळा धुरकट झाला म्हणजे एमएसच, असं नाही. आपल्याकडे बी-१२ कमी असणं त्याहून कितीतरी जास्त सापडतं, आणि ते भरून काढता येतं. मेंदूचा टीबी असू शकतो. एमएसची मावसबहीण म्हणावी असा एनएमओ नावाचा आजारही आहे. त्याची खूण पटवणारी रक्ततपासणी २००४ मधल्या शोधामुळे शक्य झाली. एमएसची काही औषधं एनएमओवाल्याला दिली तर आजार उलट बळावतो. म्हणून एमआरआय, रक्त, कधी पाठीतलं पाणी, हे सगळं सांगतात ते उगाच बिल वाढवायला नसतं. डॉक्टरांवर विश्वास टाकायला आपण कचरतो. त्याला कारणंही असतात, पण इथं तपासण्या टाळू नका.

आता घरच्यांसाठी. ऊन लागलं, गरम पाण्यानं अंघोळ केली, ताप आला की या आजारात जुना त्रास तासाभरासाठी पुन्हा डोकं वर काढतो. कुरतडलेली नस तापली की निरोप पोचवत नाही. निवलं की पुन्हा ठीक. सकाळी भाकऱ्या थापणारी सून दुपारी रानात पाय ओढते, याचं कारण हे आहे, कामचुकारपणा नाही. आमच्या मैत्रिणीच्या सासूबाईंना आम्ही हे केबलच्या उदाहरणासकट सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी बोलले नसते तिला." आता चुलीपाशी त्या बसतात, ही ओला पंचा मानेवर टाकून सावलीत भाजी निवडते. रानात जायचं तर दिवस उगवायच्या आत.

दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्वतंत्र लिहिलेलं आहे. बऱ्याचशा सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं. तपासणीला जाताना एमआरआयचा कागद आणि झटक्यांच्या तारखा लिहून न्या, कारण त्या दिवशी बाई नेमकी बरी असू शकते.

निघताना तिनं दारापर्यंत येऊन हळूच विचारलं, "एक मुलगी आहे. दुसरं होऊ द्यावं का?" युरोपातल्या बारा देशांतल्या २५४ एमएसवाल्या बायकांच्या गरोदरपणाचा अभ्यास १९९८ साली छापून आला होता. पोटुशी असताना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, झटके खूप कमी झाले. बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत ते वाढले, तरी दहातल्या सातजणींना त्या काळात झटका आलाच नाही. म्हणजे आई होण्याला बंदी नाही. फक्त औषधाचा डोस आणि दिवस राहणं यांत किती अंतर ठेवायचं, हे आधी ठरवावं लागतं. आम्ही तिला म्हटलं, हा प्रश्न आमच्यापाशी नको, डॉक्टरांपाशी मोठ्यानं विचार, आणि नवऱ्याला सोबत ने.

पुढच्या डोसला ती, नवरा आणि फोन करणाऱ्या थोरल्या जाऊबाई असे तिघं पहाटेच्या एसटीनं जाणार आहेत. मुलगी आजीपाशी राहील.