गव्हाचे मांस : गुण, दोष आणि पथ्य

नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, ज्या भगिनी घरी चिकाचा हलवा करतात, त्यांना गहू भिजत घालणे, वाटणे, गाळणे आणि चीक काढणे हा खटाटोप नवा नाही. चीक आपण हलव्यासाठी ठेवतो आणि मागे उरलेला चिवट चोथा टाकून देतो. आज ज्या पदार्थाविषयी आम्ही लिहीत आहोत, त्याचे मूळ त्या चिवटपणातच आहे. घट्ट मळलेली कणीक पाण्यात पुनःपुन्हा धुतली की चीक वाहून जातो आणि हाती रबरासारखा गोळा राहतो. हे गव्हातील प्रथिन. त्यास ग्लूटेन म्हणतात. हा गोळा मसाल्याच्या रश्श्यात शिजविला की चवीला व चावायला मांसाच्या जवळ जातो.

चीनमध्ये हा पदार्थ शतकानुशतके खाल्ला जात आहे. युरोपात बोलोन्याचे विद्वान याकोपो बेक्कारी यांनी पिठातून ग्लूटेन वेगळे करण्याची कृती १७४५ साली प्रसिद्ध केली. आज प्रचलित असलेले ‘सेतान’ हे नाव मात्र विसाव्या शतकातील, जपानमधले. आमच्या घरच्या वडीलधाऱ्या बाईंनी ते प्रथम ऐकले, तेव्हा ‘शब्बाथच्या दिवशी सैतानाचे नाव कशाला?’ असे त्यांनी विचारले होते!

हा पदार्थ आमच्या घरी आला तो नातीमुळे. लष्करातील सेवा संपवून ती परतली, ती मांसाहार सोडूनच. शुक्रवारी रात्री सगळे मटणाच्या रश्श्यावर भात कालवीत असता ती कोशिंबीर पुढे घेऊन बसे, हे पाहणे जड जाई. म्हणून आम्ही सेतानचे तुकडे नारळाच्या रसात, हिरव्या वाटणात शिजवू लागलो, आणि ती पुन्हा आमच्या ताटातले जेवू लागली.

परंतु एका शब्बाथला पाहुण्यांच्या मुलाला आम्ही तोच रस्सा ‘भाजीच आहे, खा’ असे म्हणून आग्रहाने वाढला. मुलाला सीलिअ‍ॅक हा विकार होता. रात्री त्याला वांत्या झाल्या, पोट दुखून तो कळवळला. त्याच्या आईने रस्सा कशाचा असे विचारले, तेव्हा आमची मान खाली गेली. ‘आधी नीट वाचा, मग उत्तर लिहा’ असे वर्षानुवर्षे वर्गात शिकविणाऱ्या आम्ही पाकिटावरचा मजकूर वाचला नव्हता आणि मुलाच्या पथ्याची चौकशीही केली नव्हती. हा लेख लिहिण्याचे खरे कारण हेच.

सीलिअ‍ॅकमध्ये ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या आतील अस्तराला इजा होते व अन्नरस नीट शोषला जात नाही. सुमारे शंभरात एका माणसास हा विकार असतो. पुष्कळांना तो आहे हे ठाऊकही नसते. गव्हाचा हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. त्यांचा प्रबंध १९५० सालचा. अशा रुग्णाला सेतानचा एक घासही वर्ज्य होय, कारण तो जवळजवळ निव्वळ ग्लूटेनच आहे. रश्श्यातून तुकडे काढून टाकल्यानेही भागत नाही.

इतरांचे काय? शंभर ग्रॅम शिजविलेल्या सेतानात पाण्याच्या प्रमाणानुसार साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. साठ किलो वजनाच्या माणसाची दिवसाची गरज सुमारे ५० ग्रॅम आहे. चरबी अल्प, कोलेस्टेरॉल नाही, पिष्ट थोडे. म्हणून मधुमेही मंडळींनाही तो सोयीचा वाटतो. परंतु प्रथिनांची केवळ संख्या पाहून चालत नाही. गव्हाच्या प्रथिनात लायसिन या आवश्यक घटकाची उणीव असते. ही उणीव डाळी व कडधान्ये भरून काढतात. म्हणून सेतानबरोबर मसुराची आमटी, वाल, हुमुस यांपैकी काही अवश्य असावे. आपल्या आजीचा वरणभात आणि उसळ यांचा मेळ शास्त्रालाही मान्य आहे.

दुसरी उणीव ब-१२ जीवनसत्त्वाची. ते सेतानात नाही. मांस, मासे, अंडी व दूध सारेच सोडणाऱ्या तरुणांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळे घेतले पाहिजे. तिसरी गोष्ट मिठाची. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मोठा चमचाभर सोया सॉसमध्येच दोन ग्रॅमहून अधिक मीठ भरते. रक्तदाब असणाऱ्यांनी तयार पाकिटे बेताने घ्यावीत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आता कश्रूतविषयी. सेतान गव्हाचा, म्हणून मुळात परवे. न दुधाचा, न मांसाचा. मांसाच्या जेवणात दूध चालत नाही म्हणून आपल्या पूर्वजांनी कोकणात नारळाचा रस वापरला. सेतानच्या रश्श्याबरोबर मात्र दह्याची कोशिंबीरही चालेल, जर भांडे परवे वा दुधाचे असेल आणि तयार मालात मांसाचा अर्क नसेल तर. त्यासाठी कोशेरची मोहोर पाहावी. पेसाहमध्ये मात्र तो पूर्ण वर्ज्य. भिजवून धुतलेल्या कणकेचा हा पदार्थ हामेत्स ठरतो. घर साफ करताना फ्रीजरमधले पाकीट विसरू नये.

वाचक बंधुभगिनींनो, सेतान घरात जरूर आणा. पण तो रोजचे अन्न न समजता अधूनमधूनचा पदार्थ समजा, आणि पाहुण्यास वाढण्यापूर्वी ‘यात गहू आहे, तुम्हांला चालतो ना?’ असे विचारा. तो मुलगा पुढे पुन्हा आमच्याकडे आला. त्या दिवशी आम्ही सर्वांसाठीच भात आणि मसुराची आमटी केली होती, आणि मसाल्याच्या प्रत्येक पुडीवरचे लेबल त्याच्या आईसमवेत वाचून घेतले होते.