रूट कॅनालनंतरचा ठणका आणि गोळी
वाकडहून चाकणला पाळीवर जाणारे आपले कितीतरी बांधव रूट कॅनालनंतर दात ठणकला की मेडिकलमधून गोळी घेतात अन् उपाशीपोटीच गिळतात. आमचे सांगणे, तसे करू नका. दोन-तीन दिवस दुखणे साहजिक आहे. डॉक्टरांना विचारून आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामोल ५०० मिलिग्रॅम एकत्र घेतल्यास चांगला आराम पडतो; मात्र जेवणानंतर, सांगितलेल्या अंतरानेच. पॅरासिटामोल दिवसात ४ ग्रॅमपुढे नको. सर्दीच्या गोळीतही ते असते. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असल्यास आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नका. अँटिबायोटिक ही दुखण्याची गोळी नव्हे. सूज वाढली, ताप आला, तोंड उघडेना, तर लगेच दवाखाना गाठा. एक खाडा परवडेल. पसरलेला जंतुसंसर्ग परवडणार नाही.