फळीला इस्त्री? हो, फळीलाच!

मुलांनो, कॅरम खेळायला बसलात की आधी काय करता? बोर्डावर चिमूटभर पावडर टाकता ना? नाहीतर स्ट्रायकर अडखळतो. बर्फावरून घसरणाऱ्या स्नोबोर्डचंही तसंच असतं. फक्त त्याला पावडर नाही, मेण लागतं. आणि ते लावायचं चक्क इस्त्रीनं!

१९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक खेळणं बनवलं. त्यातूनच पुढे स्नोबोर्ड आला आणि १९९८ मध्ये जपानमधल्या नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्येही पोचला. आपल्याकडे काश्मीरमध्ये, गुलमर्गला तुम्हाला तो दिसेल.

बर्फाळ देशांतली मुलं मेण घरीच लावतात. त्यासाठी चार वस्तू पुरतात.

इस्त्री : बोर्डाचा तळ प्लॅस्टिकचा, पॉलिथिलीनचा असतो. मेणाला साधारण १२० ते १४० अंश सेल्सिअस उष्णता पुरते. घरची इस्त्री सुती कपड्यांच्या खुणेवर २०० अंशांच्या आसपास जाते. मग तळ जळलाच म्हणून समजा! शिवाय तीच इस्त्री बाबांच्या शर्टावर फिरवली तर? म्हणून स्थिर तापमानाची, मेणासाठीची वेगळी इस्त्रीच घ्यावी. पैसे खर्च करायचे ते इथे!

मेण : कडाक्याच्या थंडीत बर्फाचे कण टणक आणि टोकदार असतात. तिथे कडक मेण हवं. ओलसर बर्फाला मऊ मेण चालतं.

खरवडायची पट्टी : प्लॅस्टिकचीच. धातूची पट्टी तळाला ओरखडे पाडते.

ब्रश : आधी मळ काढायला पितळी तारांचा, शेवटी नायलॉनचा.

आता कृती. खाली रद्दी पसरा, खिडक्या उघडा आणि एखाद्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. तळ साफ करा. मेणाची वडी इस्त्रीला टेकवून थेंब पाडा आणि इस्त्री फिरवत राहा, एका जागी क्षणभरही थांबू नका. धूर दिसला? इस्त्री फार तापली आहे. तो धूर छातीत जाणं वाईट. निदान अर्धा तास बोर्ड गार होऊ द्या. मग पुढच्या टोकाकडून मागे खरवडा आणि ब्रश मारा.

'एवढं लावलेलं मेण खरवडून टाकायचं?' असं वाटलं ना? पण गंमत तीच आहे! कॅरमची पावडर वर राहून काम करते, मेण मात्र तळात मुरून काम करतं. वर उरलेला थर उलट वेग अडवतो.

आणखी एक. पूर्वी शर्यतींत फ्लोरीनचं मेण वापरत. फार वेगवान, पण त्यातली रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं नष्ट होत नाहीत. म्हणून आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं २०२३-२४ च्या हंगामापासून त्यावर बंदी घातली. शेवटी ज्या बर्फावर खेळायचं, त्याचंच पाणी पुढे नदीत जातं, नाही का?